‘दुर्मीळ’ म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा

“गांधीजींचे १९४८ चे दहा रुपयांचे तिकीट, वर ‘सर्व्हिस’ छापलेले, अत्यंत दुर्मीळ, फक्त अडीच हजार रुपये.” अशा जाहिराती आता मोबाइलवर सर्रास दिसतात. पूर्वी तिकिटांचा शौक मोठ्या शहरांतल्या मोजक्या लोकांचा होता. आता बुटीबोरीतला नववीचा मुलगाही वडिलांच्या फोनवरून असे तिकीट मागवू शकतो. मुले विचारतात, “सर, हे असली आहे का?” मी सांगतो, हा प्रश्न आधी विकणाऱ्याला विचारायचा. दुर्मीळ असल्याचा दावा त्याने केला आहे, तेव्हा पुरावाही त्यानेच द्यायला हवा. घेणाऱ्याने भिंग घेऊन बसणे ही त्यानंतरची गोष्ट.

भिंगाच्याही आधी साधा हिशोब करावा. गांधीजींची ही चार तिकिटे १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघाली: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ती स्वित्झर्लंडच्या कूर्व्हुआझिए या छापखान्यात छापली गेली. त्यांवर ‘बापू’ हा शब्द नागरी आणि उर्दू अशा दोन्ही लिप्यांत आहे. यांतल्या दहा रुपयांच्या फक्त १०० तिकिटांवर गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी ‘सर्व्हिस’ हा शब्द छापला गेला. त्यांतल्याच चार तिकिटांची एक पट्टी २०१७ साली पाच लाख पौंडांना विकली गेली. मग तेच तिकीट कोणी अडीच हजारांत का देईल? विकणाऱ्याला किंमत माहीत नसेल, असे आपण मनाला समजावतो. पण ज्याला ‘सर्व्हिस’ शब्दाचे महत्त्व जाहिरातीत लिहिण्याइतके कळते, त्याला किंमत कळत नाही, हे पटण्यासारखे नाही. शिवाय हा शब्द नसलेले साधे दहा रुपयांचे तिकीट खरे असू शकते आणि त्यावर तो शब्द कोणी मागाहून छापलेला असू शकतो. म्हणजे कागद खरा, रंग खरा, तिकीटही खरे. खोटा तो एक शब्द. नुसता फोटो पाहून हे ठरवता येत नाही.

हिशोबानंतर तारखा तपासाव्यात. पिनकोड देशात १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. त्याआधीची तारीख असलेल्या शिक्क्यात सहा आकडी पिनकोड दिसला, तर तो शिक्का बनावट. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, म्हणून १९५५ च्या लिफाफ्यावर ‘नये पैसे’ असलेले तिकीट असूच शकत नाही. यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. शाळेतल्या इतिहासाइतकी माहिती पुरते.

मग कागद आणि छपाई. १९४८ ची ती गांधी तिकिटे फोटोग्रॅव्ह्यूर पद्धतीची आहेत. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगाखाली लाल, निळे, पिवळे, काळे ठिपके एकमेकांभोवती फुलासारखे जमलेले दिसले, तर ती आजची ऑफसेट छपाई समजावी. कडेची भोके दोन सेंटिमीटरमागे किती, हे मोजतात. या तिकिटांना ती साडेअकराच्या मापाची आहेत. दुकानात नोटा तपासायला जांभळा दिवा असतो, त्याखालीही तिकीट धरून पाहावे. आजचा पुष्कळसा कागद त्या उजेडात निळसर पांढरा चमकतो, कारण त्यात उजळपणा आणणारी रसायने असतात. दीडशे वर्षांपूर्वीचा कागद तसा चमकत नाही.

आपल्यापैकी ज्यांना उर्दू वाचता येते, त्यांच्याकडे आणखी एक साधन आहे आणि ते आपण फारसे वापरत नाही. भोपाळ संस्थानाची १८७२ पासूनची जुनी तिकिटे घ्या. त्यांच्या मध्यभागी नवाब शाहजहाँ बेगम यांचे नाव आणि हिजरी सन उर्दू अक्षरांत कागद दाबून उठवलेला असतो. बोट फिरवले की अक्षरे हाताला लागतात. नक्कल करणारे बाहेरची इंग्रजी चौकट हुबेहूब काढतात, पण मधली उठावाची अक्षरे कधी गाळतात, तर कधी त्यांच्या जागी अर्थ नसलेल्या रेघा काढतात. नाव आणि सन वाचता येणाऱ्याला हे लगेच कळते. मात्र इंग्रजी अक्षरे चुकली म्हणून तिकीट खोटे, असा निकाल देऊ नये. भोपाळच्या अस्सल तिकिटांवरही ‘नवाब’ आणि ‘बेगम’ यांची स्पेलिंगे चुकलेली सापडतात, कारण छपाईच्या ताव्यावरचे प्रत्येक तिकीट हाताने वेगळे काढलेले असे. चूक म्हणजे नक्कल नव्हे, आणि सफाई म्हणजे अस्सल नव्हे.

फसवणूक उलट्या दिशेनेही होते. “तुमच्याकडे जुने तिकीट आहे? आम्ही लाखो रुपये देतो, आधी कर आणि कमिशन भरा.” जुन्या नोटा आणि नाण्यांच्या बाबतीत अशाच फसवणुकीविषयी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केले होते. तिकिटांनाही तोच नियम लावावा: विकत घेणारा कधी आधी पैसे मागत नाही.

या आशेपायी जे नुकसान होते, त्याची भरपाई नाही. मराठवाड्यातून येऊन नागपूर परिसरात स्थायिक झालेली कुटुंबे आपल्यात बरीच आहेत. त्यांच्या जुन्या ट्रंकांत निजामाच्या काळातली उर्दू पत्रे असतात. हैदराबादच्या १९३१ च्या आठ आण्यांच्या तिकिटावर अजिंठ्याच्या लेण्यांचे प्रवेशद्वार आहे, एक रुपयाच्या तिकिटावर दौलताबादचा मिनार. ते पाहून कोणी ‘दुर्मीळ’ म्हटले की लिफाफा पाण्यात बुडतो, तिकीट सुटते आणि पत्राची शाई पसरते. हातात राहते एक सुटे तिकीट, आणि तेही बहुधा साधे, कारण त्या काळची कमी दराची तिकिटे आजही सहज मिळतात. खरे तर तिकिटाचा सर्वांत चांगला साक्षीदार तो लिफाफाच असतो. कोणत्या गावाहून, कोणत्या तारखेला, कोणाकडे, किती दराने पत्र गेले, हे सगळे त्यावर असते. तिकीट सोडवले की तो साक्षीदार आपणच गमावतो.

काही जण म्हणतात, दोनशे-पाचशे रुपयांचा शौक आहे, नक्कल असली तरी काय बिघडले? नक्कल ‘नक्कल’ म्हणून विकली, मागे तसे छापले, तर माझी हरकत नाही. पण न सांगता विकलेली नक्कल अल्बममध्ये वीस वर्षे राहते आणि मग “आजोबांच्या संग्रहातले” म्हणून पुन्हा विकायला निघते. पहिला खरेदीदार फसलेला असतो. दुसऱ्याला तो नकळत फसवतो. कायद्याचा धाकही मोठा नाही. पोस्टाच्या बनावट तिकिटांसाठी जुन्या दंडविधानात २६३-अ हे कलम होते आणि दंड जास्तीत जास्त दोनशे रुपये! म्हणून राखण घेणाऱ्यालाच करावी लागते.

महाग तिकीट घेताना विकणाऱ्याकडून तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तिकीट त्याच्याकडे कुठून आले, तज्ज्ञांचे प्रमाणपत्र आहे का (लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची तज्ज्ञ समिती अशी प्रमाणपत्रे देते), आणि तपासात खोटे ठरले तर पैसे परत मिळतील का. “जसे आहे तसे, हमी नाही” असे उत्तर आले, तर तिकीट घेऊ नये.

मुलांना मी तीसेक किलोमीटरवरच्या नागपूरच्या मुख्य टपाल कार्यालयात पाठवतो. तिथे नवी तिकिटे छापील किमतीत मिळतात आणि ती खरी की खोटी हा प्रश्नच येत नाही. टपाल खात्याने २०१७ मध्ये सुरू केलेल्या दीनदयाळ स्पर्श योजनेत सहावी ते नववीच्या तिकीट संग्राहक विद्यार्थ्यांसाठी वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती आहे. पाच-दहा रुपयांच्या खऱ्या तिकिटांवर नजर बसली की पुढे खोटे आपोआप खटकते. आणि घरच्या ट्रंकेत उर्दू पत्र सापडले, तर तिकिटाची किंमत शोधण्याआधी ते पत्र घरातल्या मुलांना वाचून दाखवा.