मापात पाप

ऑनलाइन कॅसिनोंत ब्लॅकजॅक एकाच नावाने चालतो. नियम मात्र दुकानागणिक बदलतात. पानांची बेरीज २१ च्या जवळ न्यावी, पलीकडे जाऊ देऊ नये, एवढेच काय ते समान. पहिल्या दोन पानांत एक्का आणि दहा किमतीचे पान आले, की एका ठिकाणी १०० रुपयांवर १५० मिळतात, दुसऱ्या ठिकाणी १२० च. कोठे पत्त्यांचा एकच जोड पिसला जातो, कोठे आठ. एक्का अकरा धरून १७ झाल्यावर कोठे डीलर थांबतो, कोठे आणखी पान घेतो.

हे फरक किरकोळ नव्हेत. नियम अनुकूल असले आणि खेळणारा अचूक खेळला, तरी १००० रुपयांच्या पैजांमागे सरासरी सुमारे ५ रुपये मालकाकडे जातात. १५० चे १२० होताच त्यात आणखी सुमारे १४ रुपयांची भर पडते. हरणारा नशिबाला दोष देतो. लूट मात्र नियमातच बसलेली असते. कामाचे तास तेच ठेवून मजुरीचा दर कापण्याची मालकांची जुनीच रीत ही.

२०२५ साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. परंतु परदेशातून चालणारी दुकाने कायद्याच्या हाती सहजी लागत नाहीत. म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीवस्तीत नीतिपाठ देण्यापेक्षा हा साधा हिशेब मांडावा. नियम लिहिणारी लेखणी ज्याच्या हाती, त्याला पत्ते पाहण्याचीही गरज नसते.