चाकोरीतलं ऑफ-रोडिंग

‘यार, काहीतरी चाकोरीबाहेरचं करायचंय!’ सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी हे वाक्य ऐकू येत नाही असं ऑफिस शोधून सापडायचं नाही. कुणाला नोकरी सोडून कॅफे काढायचाय, कुणाला सोलो ट्रिप मारायचीय आणि हल्ली निम्म्या टीमला ऑफ-रोडिंग करायचंय. दणकट एसयूव्ही दारात उभी आहे, ईएमआय सुरू झालाय, पण गाडीने आजवर पाहिलेला सगळ्यात खडतर अडथळा म्हणजे सोसायटीचा स्पीड-ब्रेकर!

तर मंडळी, आधी एक साधा प्रश्न. चाकोरी म्हणजे काय? बैलगाडीची चाकं वर्षानुवर्षं एकाच जागेवरून जाऊन मातीत जो खोल पट्टा पडतो, ती चाकोरी. आपण ऑफिसच्या रुटीनला हा शब्द चिकटवला आणि मूळ वस्तू विसरून गेलो. मला विचाराल तर ऑफ-रोडिंगचा श्रीगणेशा चाकोरीबाहेर नाही, चाकोरीतच होतो. त्यासाठी ना मनालीचा बर्फ लागतो, ना लडाखचा खर्च. माझ्या आजोळी, वाशीम जिल्ह्यात, हिवाळ्यात हा कोर्स फुकट चालतो. गुरुजी म्हणजे माझे मामा.

वाशीम कुठे, असं विचारणाऱ्या पुणेकरांसाठी: पूर्वीच्या अकोला जिल्ह्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, ती हीच. आता समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून जातो (नाशिकचं नव्हे, आमचं मालेगाव!). २०२२ च्या डिसेंबरात नागपूर ते शिर्डी आणि २०२५ च्या जूनमध्ये पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाल्यापासून आजोळ एकदम जवळ आलंय. गंमत बघा, समृद्धीवर कारला ताशी १२० ची मुभा. शेलूबाजारला खाली उतरा, गावाकडे वळा, डांबर संपलं की स्पीडोमीटरचा काटा १० वर. खरं ड्रायव्हिंग तिथे सुरू होतं.

डोंगर म्हणाल तर सह्याद्रीचे कडे इथे नाहीत. अजिंठ्याच्या रांगेच्या बुटक्या टेकड्या आहेत, मुरमाड, पळसाच्या. पण या बुटक्या पठाराचा रुबाब मोठा आहे. इथली काटेपूर्णा उत्तरेला जाऊन पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, म्हणजे ते पाणी अरबी समुद्रात. इथल्याच अडाण आणि अरुणावती पैनगंगेकडे जातात, ते पाणी शेवटी गोदावरीतून बंगालच्या उपसागरात. आपण फर्स्ट गिअरमध्ये खडखडत जो उंचवटा ओलांडतो, त्यावर पडलेला पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. सही आहे ना?

या टेकड्यांमधून आणि शेतांमधून जाणारी वाट म्हणजे पांदण. पश्चिम महाराष्ट्रात हिलाच पाणंद म्हणतात. दोन्ही बाजूंना शेतांचे धुरे, त्यांवर बाभळी आणि बोरी, मध्ये जेमतेम एका गाडीपुरती जागा, दोन चाकोऱ्या आणि त्यांच्या मधोमध गवत उगवलेला उंचवटा. पावसाळ्यात इथे यायचं नावही काढू नका. काळी माती म्हणजे लाव्हाच्या खडकाची झालेली माती. तिच्यातले चिकणमातीचे कण पाणी पिऊन फुगतात. मग ती चाकाला अशी धरते, की टायरची नक्षी दिसेनाशी होते आणि फोर-व्हील-ड्राइव्ह असो नाहीतर आणखी काही, चारही चाकं जागच्या जागी गरगर फिरतात. तीच माती डिसेंबर-जानेवारीत वाळून टणक होते. सोयाबीन निघालेलं असतं, हरभरा हिरवागार असतो, तूर कापणीला आलेली असते. शिकाऊ माणसासाठी हाच मोसम.

‘हिवाळा म्हणजे कोरडं’ एवढ्यावर मात्र भागत नाही. पहाटे पारा १० अंशांच्या आसपास उतरतो, नाल्यांमधून धुकं साचतं आणि मातीचा वरचा थर दवाने निसरडा होतो. म्हणून मामांचा पहिला नियम, नऊच्या आत निघायचं नाही. दुसरी भानगड पाण्याची. शेतीपंपांना जिथे अजून रात्रपाळीची लाईट आहे, तिथे शेतकरी ऐन थंडीत मध्यरात्री हरभऱ्याला पाणी देतो. फुटलेल्या बांधातून ते पाणी पांदणीत उतरतं. सकाळी सगळी वाट खडखडीत आणि मध्येच पंचवीस पावलांचा चिखल! वरून पापुद्रा वाळलेला, आत लोणी. अशा जागी खाली उतरायचं, काठी खुपसून बघायची, चालत पलीकडे जाऊन यायचं. बूट रुतला तर गाडी रुतणारच.

आता चाकोरीचा मुख्य फंडा. चाकोरी उथळ असेल तर चाकं खुशाल तिच्यात घाला, गाडी आपोआप सरळ जाते. खोल असेल तर साध्या कारचं पोट मधल्या उंचवट्यावर टेकतं आणि चाकं लोंबकळत राहतात. मग एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरं कडेच्या काठावर घ्यायचं, चाकोरी गाडीच्या पोटाखाली सोडायची. स्टिअरिंग घट्ट आवळायचं नाही आणि अंगठे आत अडकवायचे नाहीत, कारण दगड लागला की ते फटकन फिरतं. मुरमाच्या उतारावर फर्स्ट गिअर टाकून इंजिनलाच गाडी धरू द्यायची, क्लचवरचा पाय काढायचा आणि ब्रेक जपून वापरायचा. चढावर मध्येच गिअर बदलायचा नाही. पहिल्या दिवशी मी जरा ॲक्सिलरेटर दाबला, तर शेजारून मामा शांतपणे म्हणाले, ‘‘काहून घाई करतं माय? इथं कोनाची रेस लागली नाही.’’

पांदणीचा खरा खलनायक मात्र काटा. बोर आणि बाभूळ दोघीही टायरच्या जन्माच्या वैरिणी. ट्यूबलेसमध्ये काटा दिसला तर लगेच उपटू नका. तोच बुचाचं काम करत असतो. आणि शेतात गाडी घालायचा मोह झालाच, तर तुरीची धसकटं आठवा. कापणीनंतर उरलेले हे तिरके खुंट ट्रॅक्टरच्या टायरलाही सोडत नाहीत. पोटाखाली वाळलेलं गवत अडकलं असेल तर थांबून काढा, सायलेन्सर तापलेला असतो. मऊ मातीसाठी टायरमधली हवा थोडी कमी करण्याची युक्ती खरी आहे, पण हवा भरायचा पंप जवळ असेल तरच. कमी हवेचं टायर घेऊन समृद्धीवर चढणं म्हणजे ते तापून फुटायला आमंत्रण.

एवढं शिकून मी बऱ्यापैकी फॉर्मात आले होते, तेव्हाची गोष्ट. एका वळणावर समोरून बैलगाडी आली. तुरीची पोती लादलेली, वर एक आजोबा. पांदण एवढी अरुंद, की दोघांपैकी एकालाच पुढे जाता येईल. ‘‘भरली गाडी मांगं जात नाही,’’ मामा म्हणाले. म्हणजे मागे आम्ही. शंभरेक पावलं, दोन आरशांच्या भरवशावर, एका बाजूला बोरीचे काटे आणि दुसरीकडे हरभरा. हाताला घाम फुटला, पण जमलं. आजोबांनी बैल थोपवले आणि विचारलं, ‘‘कुठं चाललात?’’

‘‘फिरायला.’’

ते मनापासून हसले. ‘‘ह्या पांदनीनं कोनी फिराले येते काय!’’

मग मामांशी त्यांच्या गप्पा झाल्या. तुरीच्या भावाच्या कमी, वाटेच्याच जास्त. जुलैमध्ये याच तुकड्यावर त्यांची बैलगाडी आसापर्यंत रुतते. मग खताची पोती डांबरी रस्त्यावर उतरवायची आणि डोक्यावरून शेतात न्यायची. आणि पाऊस नसतानाही वाट आहे म्हणजे आहेच असं नाही. शेजाऱ्याने धुरा दोन फूट पुढे सरकवला की पांदण तेवढी आखडते. खेड्यात भावाभावांचं बोलणं बंद होण्यामागे खूपदा अशीच एखादी वाट असते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून नवी वाट मागता येते. असलेली वाट कुणी अडवली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मातीच्या वाटेसाठी कायदा करावा लागला आणि तो शंभराहून जास्त वर्षं वापरात आहे, यावरून काय ते समजा. पक्क्या शेतरस्त्यांसाठी २०२१ मध्ये ‘मातोश्री ग्रामसमृद्धी शेत/पाणंद रस्ते’ योजना आली. २०२५ मध्ये महसूल विभागाने शेतरस्ता किमान ३ ते ४ मीटर रुंदीचा असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात व्हावी, असं ठरवलं. माझी छोटी कारच पावणेदोन मीटर रुंद आहे. त्या वळणावर बैलगाडी आणि कार का मावली नाहीत, याचं गणित तुम्हीच करा.

आपण जिला ‘ट्रेल’ म्हणतो, ती कुणाची तरी कामावर जायची वाट आहे. म्हणून माझ्यासाठी ऑफ-रोडिंगचा सगळ्यात मोठा नियम गिअरचा नाही, ओलाव्याचा आहे. ओल्या पांदणीत मजा म्हणून चाकं फिरवली की हातभर खोल चर पडतो. तो तसाच वाळतो आणि दगडासारखा होतो. आपण रविवारी संध्याकाळी ‘सॉलिड मड होतं यार’ म्हणत फोटो टाकतो आणि सोमवारी तुरीने भरलेल्या बैलगाडीचा आस त्या चरात मोडतो. ओली दिसली की मागे फिरायचं. तिथे धाडस दाखवण्यात काहीच मोठेपणा नाही.

आणखी एक. कारंजाजवळ कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे, काळविटांसाठी राखलेलं. मोकळं माळरान दिसलं की आपल्या मंडळींना गाडी उधळायची खुमखुमी येते. पण ते गवत रिकामं नसतं. काळवीट उघड्यावर चरतं आणि पिल्लं गवतात दडून बसतात. अभयारण्यात शिरायला वनविभागाची परवानगी लागते आणि वाट सोडून गाडी घालायला तर ती मिळणारच नाही. काळवीट बघायचं असेल तर इंजिन बंद करा, काच खाली करा आणि दुर्बीण घ्या.

बाकी खर्च विचाराल तर पेट्रोल, एखादं पंक्चर आणि मामींच्या हातच्या तुरीच्या सोल्यांच्या भाजीमुळे वाढलेलं एक किलो वजन. फोर-बाय-फोर नसली तरी चालेल. जमिनीपासून बऱ्यापैकी उंच असलेली साधी गाडी, एक फावडं, एक मजबूत दोर आणि शेजारी बसून टोकणारं मोठं माणूस, एवढ्यावर भागतं. गाव वाशीमचंच हवं असंही नाही. तुमच्याही टीममध्ये कुणाचं तरी गाव काळ्या मातीत असेलच. होळीपर्यंत मोसम आहे. तिथल्या काकांना किंवा मामांना फोन लावा, पण ‘ट्रेल कसा आहे’ असं विचारू नका. ‘पांदण वाळली का?’ असं विचारा. ‘अजून ओल हाये’ असं उत्तर आलं, तर गाडी पार्किंगमध्येच राहू द्या आणि पुढच्या रविवारी परत फोन करा.