व्यायाम समूहात की एकट्याने?

गेल्या पालक सभेत एका पालकांनी विचारले, "सर, आमचा मुलगा पहाटे एकटाच पळायला जातो, घरी जोर काढतो. मग शनिवारच्या कवायतीतून त्याला सूट द्या की. तेवढाच अभ्यास होईल." त्याच सभेत एका मातेची तक्रार नेमकी उलट होती. मुलगी घरी हातपाय हलवत नाही, शाळेनेच रोज तासभर मैदानावर घ्यावे! शिवाय विश्वस्त मंडळापुढे यंत्रांची व्यायामशाळा काढण्याचा विचार आहे. तिन्ही गोष्टींवरचे आमचे मत येथे मांडतो.

निपाणी-कोल्हापूर पट्ट्यातील माणसाला हा प्रश्न पडावा याचे थोडे नवलच वाटते. आपल्या तालमीने तो कधीच सोडवला आहे. जोर-बैठका प्रत्येकाने आपापल्या ताकदीप्रमाणे काढायच्या. शेजारच्याने पाचशे काढल्या म्हणून आपण काढायच्या नाहीत. नंतर वस्ताद जोड लावून देतो. धोबीपछाड किंवा ढाक एकट्याने शिकता येत नाही. समोरचा अंग चोरतो, जोर लावतो, तेव्हा कुठे डाव कळतो. २०२० साली टाळेबंदीत तालमी बंद पडल्या, जत्रांची मैदाने झाली नाहीत. मल्लांनी शेतात, गच्चीवर एकट्याने मेहनत केली. त्यामुळे दम राहिला, पण लढतीचा सराव तुटला.

खाशाबा जाधवांचेच पाहा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लाल मातीतला हा गडी मॅटवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक पदक. त्यांची मेहनत अफाट होतीच, पण त्यांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले होते. (मुख्याध्यापकाच्या खुर्चीत बसून ही गोष्ट आठवली की आम्हाला मान खाली घालावीशी वाटते.)

आता समूहाची दुसरी बाजू. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने १९१३ साली दोर ओढण्याच्या प्रयोगांची माहिती प्रसिद्ध केली. माणसे वाढली की प्रत्येकाची ओढ कमी होते, असे त्याला दिसले. आपल्या रस्सीखेचीत मागचा गडी दोर नुसता धरून उभा असतो, तेच हे. दोनशे मुलांच्या कवायतीत मागच्या रांगा काय करतात, हे आम्ही व्यासपीठावरून रोज पाहतो.

आणि एक चूकही कबूल केली पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे अंगाने जड असा एक विद्यार्थी होता. पळताना तो मागे पडे, वर्ग हसे. मग शनिवारी आजारपणाची चिठ्ठी येऊ लागली. आम्ही त्याला कामचुकार ठरवले. पुढे कळले की तो रोज पहाटे आजोबांबरोबर जवाहर तलावाच्या बाजूला मैलभर चालून येई. चिठ्ठी खोटी होती, दुखणे खरे होते. त्याला समूहातून काही दिवस सूट मिळायला हवी होती, आणि हसणाऱ्यांना समज.

मुलींची गोष्ट मात्र वेगळी आहे. उजाडण्यापूर्वी महामार्गाच्या बाजूला एकट्या मुलीला पळायला कोणते घर पाठवील? पाचजणी मिळून निघाल्या तर परवानगी मिळते. तेथे समूह हा आवडीचा प्रश्न राहत नाही. तो नसेल तर व्यायामच नाही. म्हणून मुलींच्या पहाटेच्या तुकड्या आधी, बाकी सारे नंतर, असा आमचा आग्रह राहील.

यंत्रांबाबत विश्वस्तांना नम्र विनंती. वजन उचलताना पाठीशी जाणता माणूस उभा नसेल तर छातीवरची दांडी जीवावर बेतू शकते. यंत्रे देणगीतून येतील, पण तो माणूस रोज कोठून आणायचा? त्यापेक्षा तेवढ्याच पैशात लाल मातीचा हौदा, दोन मल्लखांब आणि एक प्रशिक्षित शिक्षिका पाहावी. सूर्यनमस्काराला तर सतरंजीसुद्धा पुरते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः ते रोज घालीत आणि संस्थानातील शाळांतही त्यांनी ते सुरू केले.

शनिवारची दोनशेंची कवायत मोडून आठ-दहाच्या तुकड्या करण्याचे आम्ही ठरवले आहे. पहिला अर्धा तास ज्याची त्याची मेहनत, आकडा ज्याच्या त्याच्या वहीत. नंतर सारख्या वजनाच्या जोड्या, कबड्डी, खो-खो. आठवडाभर एकट्याने व्यायाम करणाऱ्यांचे कौतुकच आहे. शनिवारची सूट मात्र मिळणार नाही.

त्या पालकांनी येत्या शनिवारी सकाळी साडेसातला मुलाला पाठवावे. त्याच्या वजनाचा जोडीदार आम्ही पाहून ठेवला आहे.