हिडकलच्या काठावर रात्र काढायची असेल तर

सुट्टी जवळ आली की आमच्या ग्रुपवर ठरलेला फोटो येतो. निळं पाणी, काठावर तंबूंची रांग, वर दिव्यांच्या माळा. फोटो पवना धरणाचा असतो. खाली कुणीतरी लिहितं, ‘जाऊ या की!’ मग माणशी हजार-दीड हजार, गाडीभाडं वेगळं, असा हिशेब सुरू होतो आणि निम्मे गळतात. मुलींपैकी तर निम्म्याहून जास्त. पैशाआधी घरचेच प्रश्न असतात: सोबत कोण, राहणार कुठं, बाथरूमला कडी आहे का?

माझं म्हणणं असं, की चिकोडी-निपाणीच्या माणसाला पाण्याकाठी एक शांत रात्र काढायला मावळात जावं लागू नये. तासा-दीड तासाच्या रस्त्यावर घटप्रभेवरचं हिडकल धरण आहे. 51 टीएमसीचा जलाशय, राजा लखमगौडांचं नाव दिलेला. तिथं सरकारने एक साधा, स्वस्त, सार्वजनिक तळ उभारावा. रिसॉर्ट नको. तळच हवा.

अमेरिकेत याला स्टेट पार्क म्हणतात. सरकारी मालकीचं तळं किंवा जंगल असतं आणि काठावर आखलेल्या, नंबर घातलेल्या जागा. लोक तंबू आणतात किंवा आरव्ही, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. जागेचं भाडं भरायचं, दिवसा वल्ह्याची होडी चालवायची, गळ टाकायचा, रात्री ठरलेल्या वेळेनंतर आवाज बंद. त्यातली गाडी मला फारशी महत्त्वाची वाटत नाही. महत्त्वाचं हे, की तिथली शांतता नशिबाने मिळत नाही, ती नियम करून राखलेली असते. शिवाय कमी पैसे असलेल्यालाही तेच पाणी दिसतं.

आपल्याकडे गाडी आधी आली. महाराष्ट्राने 2021 मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं, त्याच वर्षी केरळनेही. ठीक आहे. पण अशा गाडीला संडासाची टाकी असते आणि ती दोन-तीन दिवसांनी कुठंतरी रिकामी करावी लागते. हिडकलचं पाणी बेळगाव शहर पितं. पवनेचं पिंपरी-चिंचवड पितं. निपाणीचा जवाहर तलावही गावाला पाणी पाजतो. मैल्याची सोय आधी आणि गाडीचं स्वागत नंतर, हा क्रम चुकला तर आपल्या सहलीची घाण दुसऱ्याच्या माठात जाणार. म्हणून पहिली अट: संडास आणि सांडपाण्याची व्यवस्था पाण्यापासून लांब, आणि पिण्याच्या पाण्यात इंजिनाच्या बोटी नकोत. वल्ह्याची होडी पुरे.

दुसरी अट जॅकेटची. 18 जानेवारी 2024 ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली. 12 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि जॅकेटं सगळ्यांना नव्हती. आपल्याकडे ‘पोहता येतंय की मला’ हे जॅकेट नाकारायचं कारण समजलं जातं. विहिरीत पोहायला शिकलेल्याला धरणाचा अंदाज असतोच असं नाही. खाली गाळ, बुडालेली झाडं, जुनी बांधकामं असतात. जॅकेट नाही तर होडी नाही, एवढं बोलायची हिंमत असलेला माणूस काठावर पगारी हवा.

तिसरी अट आवाजाची. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर लावायला 2000 सालच्या नियमांनी बंदी आहे. नवा कायदा नको, आहे तो पाळायचा. ‘डीजे नसेल तर येणार कोण?’ असं विचारणारे भेटतील. मी म्हणते, जे डीजेमुळे येत नाहीत त्यांची मोजणी कधी केली कुणी? आजीआजोबांना घेऊन येणारं कुटुंब, पक्षी बघणारे, वही घेऊन बसणारे आपल्यासारखे. आणि मुली. गेट, दिवा, रजिस्टर, कडीचं बाथरूम, रखवालदार बाई एवढं असलं की घरच्यांच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं तिथंच मिळतात. माझ्या वयाच्या मुलाला तळ्याकाठची रात्र सहज मिळते. मला ती अशा व्यवस्थेतूनच मिळू शकते.

आता अवघड भाग. आपण ज्याला लेक म्हणतो ते बहुतेक ठिकाणी धरण असतं, आणि धरणाखाली गाव असतं. हिडकलच्या पोटात हुन्नूरचं विठ्ठल मंदिर आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की ते वर येतं आणि लोक दर्शनाला जातात. विश्वास पाटलांची ‘झाडाझडती’ वाचलेल्यांना धरणग्रस्त म्हणजे काय हे मी सांगायला नको. पवनेच्या पाण्यासाठी 9 ऑगस्ट 2011 ला मावळात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, तिघांचा जीव गेला. आपल्या फोटोत यातलं काही येत नाही.

म्हणून चौथी अट, आणि माझ्या लेखी ती सगळ्यात मोठी: काठावरचा तळ चालवायचा हक्क ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरांना आधी. होडी, जेवण, रखवाली, पावती सगळं. पवनेला गावातले लोक तंबू चालवतात, हे चांगलंच आहे. पण तिथं ज्याची जागा त्याचा तंबू. ज्याची जागा पाण्याखाली गेली त्याने काय करायचं? तळ सरकारी असेल तर त्यालाही वाटा देता येतो.

आणि एक. उघड्यावर राहणं आपल्या भागाला नवं नाही. ऊसतोड मजूर साखर कारखान्यांच्या हंगामात महिनोन् महिने कोपीत राहतात. धनगर मेंढरं घेऊन शेताशेतात बसतात. त्यांना आपण ‘कॅम्पिंग’ म्हणत नाही, कारण त्यांना घरी परतायची सोय नाही. तेव्हा सरकार सहलीवाल्यांसाठी नळ आणि संडास बांधणार असेल, तर कोपीपाशीही बांधायला हवा, हे आपणच त्याच अर्जात लिहावं. आपल्याला एका रात्रीपुरतं जे हवंसं वाटतं, ते कुणाला तरी रोज लागतं.

हो, अर्ज. मंडळाकडे माझी मागणी एवढीच आहे. यंदाची सहल पवनेला न नेता उन्हाळ्यात एक दिवस हिडकलला न्या. देऊळ वर आलेलं असेल. काठावरच्या लोकांशी बोलू, त्यांना काय हवं ते विचारू आणि मग या चार अटींचा अर्ज पाटबंधारे आणि पर्यटन खात्याला देऊ. मराठीत लिहायला आपण आहोतच. कन्नडमध्ये लिहिणारे मित्रही वर्गात आहेत, त्यांना बरोबर घेऊ. पाणी दोघांचंही आहे.