नकाशाबरहुकूम

आमच्या धंद्यात एक फार सोयीचा शब्द आहे : नकाशाबरहुकूम. नळ भलत्या जागी आला, उतार उलटा पडला, न्हाणीघरातले पाणी दिवाणखान्यात पाझरले, की गवंड्यापासून ठेकेदारापर्यंत सगळे हा शब्द पुढे करतात आणि हात झटकतात. मीही झटकले आहेत. पुण्यात नळकामाची आणि गीझर बसवण्याची कामे घेऊन मला तीस वर्षे होत आली. एवढ्या काळात हा शब्द मी किती वेळा उच्चारला असेन, याचा हिशेब ठेवलेला नाही. आज त्याच शब्दाशी मला भांडायचे आहे. भांडणाला सणाचा मुहूर्त निवडला म्हणून वाचकांनी रागावू नये; कारण ज्या न्हाणीघराविषयी मी बोलणार आहे, त्यात नरक चतुर्दशीच्या पहाटे एक अख्खे कुटुंब अंगाला तेल-उटणे लावून एकामागून एक शिरणार आहे.

प्रकरण असे. कोथरूडकडच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, एका सुखवस्तू गृहस्थांचे घर नव्याने सजवले जात आहे. सजावटीचे आराखडे एका तरुण गृहरचनाकाराने केले आहेत. मुलगा हुशार आहे, मला ‘काका’ म्हणतो, आणि त्याचे नकाशे पाहून खरोखर डोळे निवतात. त्या नकाशात न्हाणीघर चार फूट बाय सहा फूट. वरून खोटे छत येणार, म्हणून उंची आठ फूट. डक्टकडे उघडणारी लहानशी खिडकी होती, तिच्या जागी न उघडणारी दुधी काच. आणि कोपऱ्यात, टाइलची शोभा जाऊ नये म्हणून प्लायवुडच्या कपाटात दडवलेला, गॅसवर चालणारा गीझर. मी तो तिथे बसवायचा.

मी म्हणालो, “साहेब, हा गीझर बाहेर ड्राय बाल्कनीत लावू या. पाइप आत आणू.”

तो म्हणाला, “काका, पाइप लांब पडेल. गरम पाणी यायला वेळ लागेल, आधीचं गार पाणी वाया जाईल. शिवाय टाइल बसून झाल्यात. आणि हा गीझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतो, काळजी नको.”

आता त्याचे म्हणणे एकेक करून पाहू. बाल्कनीपासून पाइप फार तर 12 मीटर पडतो. अर्ध्या इंची पाइपात मीटरला साधारण पावणेदोनशे मिलिलिटर पाणी मावते. म्हणजे वाया जाणारे गार पाणी दोन लिटरांच्या आसपास. दोन तांबे! तेही बादलीत धरून झाडांना घालता येते. टाइल फोडावी लागेल हे मात्र खरे, आणि तिची किंमत मालकाला सोसावी लागेल हेही खरे.

दुसऱ्या बाजूला काय आहे ते पाहा. मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंशांनी तापवणारा हा लहान गीझर पंधरा मिनिटांत चार-पाच बादल्या पाणी देतो आणि त्यासाठी अंदाजे पाव किलो गॅस जाळतो. तेवढा गॅस नीट जळायला सुमारे 3 घनमीटर हवा लागते. त्या न्हाणीघरात एकंदर हवा आहे साडेपाच घनमीटरांहून थोडी कमी. हिशेब ढोबळ आहे, दाराच्या फटीतून थोडी हवा येते हेही मला कळते. पण अर्ध्याहून अधिक खोली ज्योतीने खायची आणि उरलेली माणसाने, असा हा वाटा आहे. शिवाय या गीझरला धुराडे नसते. जळलेली हवा त्याच्या माथ्यावरून खोलीतच परत येते. प्राणवायू कमी पडू लागला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर आपल्याला कळते, कारण त्या गॅसला मुद्दाम वास लावलेला असतो. पुष्कळांना वाटते, हाही तसाच कळेल. तो कळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होते, मळमळते, पायातले बळ जाते, आणि कडीपर्यंत हात पोचण्याआधी माणूस खाली बसतो.

राहिली ती आपोआप बंद होणारी कळ. गीझर बंद झाला की आतला माणूस काय करतो? नळ फिरवून पुन्हा चालू करतो. कळ गॅस बंद करते, खोलीत नवी हवा आणत नाही. ‘मग पंखा लावू’ असेही तो म्हणाला. पण हवा बाहेर फेकायची तर ती कुठून तरी आत यायला हवी, आणि आत यायची वाट तर त्याने काचेने बुजवली आहे.

आमच्या लहानपणी अंघोळीचे पाणी तांब्याच्या बंबात तापे. धुराने डोळे चुरचुरत, आई पदराने नाक धरून ढलप्या आत सारी, आणि सगळे मिळून त्या धुराला शिव्या देत असू. तो धूरच दार उघडायला लावी हे तेव्हा कुठे ठाऊक होते! गॅसची निळी ज्योत तेवढी चाड ठेवत नाही.

“तुला काय करायचंय? सही त्याची आहे,” असे माझा भागीदार म्हणतो. “तू नाही बसवलास तर दुसरा बसवेल, आणि पुढची चार कामंही त्यालाच मिळतील.” यातले एकही वाक्य खोटे नाही. एक पदवीधर माणूस कागदावर रेघ मारतो, आणि मी दहावीनंतर पान्हा हाती घेतलेला गडी त्याच्यावर शंका काढतो, हे त्याला उद्धटपणाचे वाटले तर त्यातही नवल नाही. पण भिंतीला भोक मी पाडतो. जोडणीचा आटा मी आवळतो. पहिल्यांदा ज्योत पेटवून ‘चालू झालं बरं का’ असे मालकिणीला मीच सांगतो. त्या सांगण्यावर ती विसंबते. नकाशा तिने पाहिलेलाही नसतो.

हे शहाणपण मला फुकट आलेले नाही. बारा-तेरा वर्षांपूर्वी असाच एक गीझर मी असाच आत बसवला होता. शंका तेव्हाही आली होती. बिल अडकेल म्हणून गिळली. पहिल्याच थंडीत त्या घरातली दहावीतली मुलगी अंघोळीला गेली. पाणी वाहत राहिले, हाकेला ओ मिळेना, तेव्हा वडिलांनी दार फोडले. पोर वाचली, दोन दिवस दवाखान्यात होती. मला बोलावणे आले. मी नकाशा घेऊनच गेलो, आणि सही दाखवली. घरातल्या आजी कॉटवर बसून होत्या. त्यांनी कागदाकडे पाहिले नाही. “बसवलात तुम्हीच ना?” एवढेच विचारले. मी ‘हो’ म्हणालो. पुढे त्यांनीही काही विचारले नाही.

आमच्या धंद्याची बाजू घेऊन मी बोलतो आहे असे कुणी समजू नये. ग्राहकाला स्वस्त पडावे म्हणून सरसकट न्हाणीघरातच गीझर ठोकणारे आमच्यातच आहेत, आणि त्यांना कुणा रचनाकाराच्या नकाशाचीही गरज लागत नाही. माझे म्हणणे एवढेच की ज्याने काम करायचे त्याची शंका कामाच्या आधी ऐकून घ्या. रचनाकाराने रागावून नव्हे, आकडे मांडून उत्तर द्यावे. माझे आकडे चुकले असतील तर मी माझ्या खर्चाने गीझर त्याच्या कपाटात बसवून देईन. आणि गॅस बाहेर नेणे जमणारच नसेल, तर वीज आहे, गच्चीवर सूर्य आहे. आत गॅसच हवा हा हट्ट कशासाठी?

गेल्या सोमवारी मी नकाशाची एक प्रत काढली, ती काच आणि ते कपाट लाल पेन्सिलीने खोडले, बाल्कनीतली जागा आखली, दोन तांब्यांचा हिशेब खाली लिहिला आणि मालकांच्या हाती दिली. ‘विचार करून सांगतो’ म्हणाले. रचनाकाराने त्या दिवसापासून माझा फोन उचललेला नाही. भागीदार घुश्शात आहे. गीझरचे खोके माझ्या दुकानात पडून आहे, अजून फोडलेले नाही. मालकीणबाईंचा मात्र काल फोन आला होता. दिवाळीच्या आत होईल ना, असे त्या विचारत होत्या. आणि मग जरा थांबून, आपल्या आत्ताच्या घरात गीझर आतच आहे, अंघोळ झाली की मुलाचे डोके दुखते, ते कशाने, असेही विचारत होत्या. मी आधी खिडकी उघडायला सांगितली, गीझर बंद ठेवायला सांगितला, मुलाला डॉक्टरांकडे नेऊन हे सगळे सांगा म्हटले, आणि सायकल काढली.