पाय मेलेले नाहीत

परवा महिला मंडळाच्या कामानिमित्त एका घरी गेले होते. त्या घरातला कर्ता मुलगा तीन वर्षांपूर्वी आंबे उतरवताना झाडावरून पडला. पाठीचा मणका मोडला आणि कमरेखालचं अंग लुळं पडलं. त्याची बायको, तिशीचीही नसेल, मोबाइल पुढे करत म्हणाली, ‘‘काकू, हा माणूस ह्यांच्यासारखाच आहे, तरी सायकल चालवतोय. खरं असतं का हो हे?’’ आतून सासूबाई म्हणाल्या, ‘‘त्या पायांत आता काय राहिलंय? असून नसून सारखेच!’’

मला तरी कुठे ठाऊक होतं? घरी येऊन वाचलं, ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंना विचारलं. व्हिडिओ खरा होता. ऑक्टोबर २०१६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये झुरिचजवळ ‘सायबॅथलॉन’ ही स्पर्धा झाली. त्यात पाय लुळे पडलेल्यांची साडेसातशे मीटरची सायकल शर्यत होती आणि पायडल मारत होते त्यांचे स्वतःचेच पाय!

ताईंनी सोप्या भाषेत सांगितलं. खांबावरची तार तुटली की घरातला पंखा थांबतो, पण पंखा जळलेला नसतो. तसंच हे. मेंदूचा निरोप मज्जारज्जूतून पायांकडे जातो, ती वाट तुटते. स्नायू मात्र जिवंत असतात. मग मांडीच्या पुढे, मागे आणि कुल्ल्यावर इलेक्ट्रोडच्या चिकटपट्ट्या लावून बेताचा विजेचा झटका देतात. पायडल कुठे आहे ते बघून यंत्र एकेका स्नायूला पाळीपाळीने आकसायला लावतं आणि चाक फिरतं. अमेरिकेत यावर १९८०च्या दशकापासून काम चालू आहे.

पण मैत्रिणींनो, याने मज्जारज्जू जुळत नाही. माणूस उठून चालू लागत नाही. फायदा वेगळाच आहे. स्नायू वाळत नाहीत, रक्त खेळतं राहतं, हृदयाला व्यायाम मिळतो. तोही आठवड्यातून दोन-तीनदा, सतत केला तरच. शिवाय पायांकडे जाणाऱ्या नसाच चिरडल्या असतील, तर या झटक्यांचा उपयोग होत नाही. धोकेही आहेत. हाडं ठिसूळ झालेली असतात, ती मोडू शकतात. कातडीला जाणीव नसल्याने भाजलं तरी कळत नाही. दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर रक्तदाब एकदम चढू शकतो. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी विजेच्या पट्ट्यांचे प्रयोग नकोत. यंत्राची किंमत लाखांत, तीही मोठ्या शहरांतल्या मोजक्या केंद्रांत.

मग आपल्याला काय उपयोग, असं तुम्ही म्हणाल. मलाही तसंच वाटलं होतं. पण त्या घराने तीन वर्षांत तेलं, लेप, अंगारे, ‘हमखास चालवणारा’ पट्टा यांत शेताचा तुकडा घालवला. रात्री दर दोन तासांनी कूस बदलायची, रोज पाठ-कुल्ले तपासायचे, गुडघे-घोटे हळूहळू हलवायचे, व्हीलचेअरवर चांगली गादी हवी, हे मात्र कुणी सांगितलं नाही. बेडसोअर झाला तेव्हा कळलं. आपण एकच प्रश्न विचारतो, ‘चालेल का?’ उत्तर ‘नाही’ आलं की सगळं सोडून देतो. ‘नीट जगेल का?’ हे विचारतच नाही. ती सायकल याच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे आणि आपल्या हातातली ही रोजची काळजीसुद्धा.

ही काळजी एकट्या बायकोच्या गळ्यात का? रात्रीची एक पाळी दीर-सासऱ्यांनी घेतली, तर तिलाही चार तास झोप मिळेल. आणि आपल्या तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे का, कोणत्या दिवशी येतो, हे प्रत्येक महिला मंडळाने जाऊन विचारावं. नसेल, तर अर्ज करावा. हळदीकुंकवाला आपण पन्नास जणी जमतो, अर्जावर पन्नास सह्या का नाही जमणार?

पुन्हा त्या घरी गेले आणि सगळं खरं खरं सांगितलं. चालणार नाही, हेही सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग सासूबाईंकडे वळून म्हणाली, ‘‘आई, ऐकलंत? पाय मेलेले नाहीत.’’

सासूबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, मुलाच्या पायाशी बसल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘ते घोटे कसे हलवायचे, मला पण दाखवायला सांगा त्या ताईंना.’’