दगडावर कुणाचं नाव?

कर्नाटकातल्या कोलारच्या सोन्याच्या खाणींवर लिहिणारे आधी गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानात शिरतात. कॉर्नवॉलहून आलेला साहेब, त्याची मडम, त्याचं पोर. वाचतात, हळहळतात, 'छोटं इंग्लंड' म्हणून उसासे टाकतात.

अरे, पण सोनं काढलं कुणी? 1880 साली जॉन टेलर कंपनी आली. खाणी पुढं तीन किलोमीटरच्या खाली गेल्या. उतरले बहुतेक तामिळ दलित. 1902 ला वीज आली, तरी दगडाची धूळ त्यांच्या फुफ्फुसात बसतच राहिली. 2001 ला खाणी बंद झाल्या. साहेबाला कोरीव दगड. आपल्या माणसाला मातीचा ढिगारा, तोही पावसानं सपाट. गिरणीत राबणाऱ्या मला हा हिशोब कुणी समजावून सांगायला नको.

आणि ही माणसं मुकी नव्हती. पंडित अयोथीदासांचा बौद्ध धम्म त्यांच्या मारिकुप्पमच्या वस्तीत नागपूरच्या 1956 च्या कितीतरी वर्षं आधीच पोचला होता. हे कुठल्या थडग्यावर लिहिलंय?

आपल्या पुण्याजवळ कोरेगावच्या स्तंभावर 22 महारांची नावं कोरलीत. 'नाक' लावलेली. नावं उरली म्हणून 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथं उभे राहून आपल्याला इतिहास देऊ शकले.

तेव्हा मित्रांनो, स्तंभाला नुसता हार घालून परतू नका. आपापल्या मसणवट्यात जा. म्हाताऱ्यांना विचारा. वहीत नावं उतरवा. साहेबाच्या दगडावर आपलं नाव सापडणार नाही.

जयभीम.